नदी दिली, रेल्वे घेतली: तुमेनकाठचे सहा दिवस

कंपनीच्या कामासाठी मी आठ महिने चीनच्या छांगछुन शहरात होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडे सगळ्यांना सुट्टी असते, ऑफिस बंद, कॅन्टीन बंद, मग ठरवलं की तुमेन नदी बघून यायची. ही नदी चीन आणि उत्तर कोरियाच्या मधून वाहते आणि शेवटच्या टप्प्यात एका काठाला रशिया लागतो. ऑफिसातली माझी एक मैत्रीण त्याच भागातली, चिनी नागरिक पण घरी कोरियन बोलणारी, ती मला "ऑन्नी" म्हणते म्हणजे आपल्याकडचं ताई. तिनेच एकदा जेवताना सांगितलं होतं की आमचं गाव ज्या कराराने चीनमधे राहिलं त्या करारावर ना आमची सही ना आमच्या राजाची. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नव्हतं.

दिवस १ : छांगछुन ते यानजी

सुट्टीतली तिकिटं मिळवणं कठीण, पंधरा दिवस आधी रात्री जागून काढली. सकाळी आठची गाडी होती.

छांगछुन हे शहरच रेल्वेच्या भांडणातून वाढलंय. १८९६ मधे रशियाने मॉस्कोत ली होंगझांग या चिनी मुत्सद्द्याशी गुप्त तह करून मंचुरियातून, म्हणजे चीनच्या ईशान्य भागातून, थेट व्लादिवोस्तोककडे रेल्वे टाकायचा हक्क मिळवला, दोन वर्षांनी त्याच रेल्वेचा एक फाटा खाली पोर्ट आर्थर बंदरापर्यंत न्यायचा हक्कही मिळवला. १९०५ ला रशिया जपानकडून हरला आणि पोर्ट्समथच्या तहात छांगछुनच्या खालचा सगळा फाटा जपानकडे गेला. रशियाचे रूळ पाच फुटी, जपानने आपल्या वाटणीचे बदलून चार फूट साडेआठ इंची केले, मग छांगछुनला माणसं, गाठोडी, सोयाबीनची पोती सगळं उतरवून पलीकडच्या गाडीत चढवायचं. हे वाचताना मला मिरज आठवलं, आमच्या निपाणीकडची जुनी माणसं अजून सांगतात की पुण्याला जायचं तर मिरजेला मीटरगेज सोडून ब्रॉडगेज धरायची. फक्त मिरजेला दोन साम्राज्यांचे शिपाई समोरासमोर उभे नव्हते.

गाडी जीलिन, जियाओहे, दुनहुआ करत पूर्वेला जाते, डोंगर सुरू झाले की बोगद्यामागून बोगदे. जंगल पिवळं-तांबडं झालेलं, पण बघेपर्यंत परत अंधार. मी मोबाईलवर मैत्रिणीने सांगितलेल्या त्या १९०९ च्या कराराचा मजकूर उघडून बसले होते.

थोडक्यात सांगते कारण हे कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. १७१२ मधे चीनच्या कांगशी बादशहाने मुकदेंग नावाचा अधिकारी पाठवून चांगबाई डोंगरावर (कोरियन लोक त्याला पेक्तू म्हणतात) हद्दीचा दगड बसवला. त्यावर कोरलं की पश्चिमेला यालू नदी, पूर्वेला 'तोमुन', ही हद्द. चीनचं म्हणणं तोमुन म्हणजेच तुमेन. तुमेनच्या उत्तरेला जाऊन शेती करणाऱ्या कोरियन लोकांचं म्हणणं की दगडावरचा तोमुन हा वेगळाच ओढा आहे, तो उत्तरेला सोंगहुआ नदीला मिळतो, म्हणजे मधला मुलूख आमचा. दोन अक्षरांवरून एवढा सगळा भाग अधांतरी. १८८५ आणि १८८७ ला दोन्ही बाजूंनी डोंगर चढून मोजण्या झाल्या, दुसऱ्या खेपेला कोरियाने खालची तुमेन मानली तरी उगमाकडे कुठला ओढा धरायचा यावर अडलं. कोरियाचा वकील ई जुंग-हा चिनी अधिकाऱ्यांच्या दबावाला काही बधला नाही. मूळ दगड १९३१ ला डोंगरावरून नाहीसा झाला.

मग १९०५ ला जपानने कोरियाचा परराष्ट्र कारभार स्वतःच्या हातात घेतला. म्हणजे आता कोरियाच्या वतीने चीनशी भांडणार कोण तर जपान. आणि जपानला नदीपेक्षा रेल्वे हवी होती.

साडेदहा-पावणेअकराला यानजी वेस्ट. स्टेशनबाहेर आल्याआल्या पाटीवर कोरियन आणि चिनी दोन्ही अक्षरं. सगळीकडे तेच, दुकानं, बँक, बसस्टॉप. यानबियान हा १९५२ पासूनचा कोरियन स्वायत्त जिल्हा, इथे दोन्ही भाषांत पाट्या लावाव्या लागतात. मी सीमाभागातली आहे, पाटी कुठल्या भाषेत यावरून आमच्याकडे काय काय झालंय ते तुम्हाला सांगायला नको, मी त्या चौकात दहा मिनिटं नुसती पाट्या वाचत उभी होते, वाचता एकही येत नसून.

संध्याकाळी बाजारात गेले, किमचीचे डोंगर, सुके मासे, तांदळाचे चिकट लाडू. विद्यापीठासमोर भाड्याचे कोरियन कपडे घालून फोटो काढणाऱ्या मुलींची झुंबड. थंड नूडल्स खाल्ल्या, मांस काढून द्या म्हटलं तर बाईंनी काढून दिलं पण रस्सा तोच, तो मला चालला नाही, मग रूमवर मेतकूट-भात.

दिवस २ : लोंगजिंग

मैत्रीण घ्यायला आली होती. तिचं गाव लोंगजिंगच्या बाहेर, यानजीपासून गाडीने अर्धा-पाऊण तास. वाटेत हायलान नदीच्या खोऱ्यात भात कापणी चालू होती आणि बांध असे नीट घातलेले की क्षणभर आजऱ्याकडे आल्यासारखं वाटलं. या थंड प्रदेशात भात आणला तो नदी ओलांडून आलेल्या कोरियन शेतकऱ्यांनी, त्याआधी हा सगळा भाग चीनच्या चिंग घराण्याच्या बादशहांनी बंद ठेवलेला, वस्तीला मनाई. १८६९-७० च्या दुष्काळात कोरियाच्या उत्तर भागातली माणसं जिवावर उदार होऊन पलीकडे आली. कोरियन लोक या मुलखाला 'गांदो' म्हणतात, म्हणजे मधलं बेट. नदीत एक बेट होतं तिथे आधी शेती करायचे, मग पलीकडच्या काठावर, नाव मात्र बेटाचंच पसरत गेलं.

लोंगजिंगमधे एक जुनी विहीर आहे, तिच्यावरूनच गावाचं नाव, तिच्याशेजारी दगड उभा केलाय. छोटीशी, कठडा बांधलेली, म्हाताऱ्या बायका बाजूला बसलेल्या. तिथून थोडं चाललं की जुन्या जपानी कॉन्सुलेटची इमारत. तळघरात कोठड्या आहेत, छत इतकं खाली की मी वाकले.

ही इमारत १९२६ ची, पण गोष्ट सुरू होते ऑगस्ट १९०७ मधे. जपानने "कोरियन प्रजेच्या संरक्षणासाठी" म्हणून लेफ्टनंट कर्नल साइतो सुएजिरोला पोलीस देऊन इथे पाठवलं आणि कोरियातल्या रेसिडेंट जनरलच्या, म्हणजे तिथल्या जपानच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या, नावाने कचेरी उघडली. रेसिडेंट जनरल कोण तर इतो हिरोबुमी, हे नाव लक्षात ठेवा. चीनने उत्तर म्हणून वू लुजेन नावाचा तरुण लष्करी अधिकारी यानजीला पाठवला, त्याने हा सगळा भाग फिरून मोजून जाडजूड अहवाल लिहिला. त्याच सुमारास सोंग जियाओरेन हा क्रांतिकारक, ज्याला चिंग सरकार उलथवायचं होतं, त्यानेही जुनी कागदपत्रं धुंडाळून हा मुलूख चीनचाच हे मांडणारं पुस्तक लिहिलं. सरकारी अधिकारी आणि सरकारचा वैरी, दोघं एकाच बाजूला!

दोन वर्षं वाटाघाटी चालल्या. जपानने गांदोचा प्रश्न एकटा ठेवलाच नाही, त्याच्यासोबत आणखी पाच प्रश्न बांधले, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. ते पाच काय तर शिनमिनतुन ते फाकुमेन रेल्वे, जी चीन ब्रिटिश कंत्राटदाराकडून बांधून घेणार होता आणि जपानला ती आपल्या रेल्वेला समांतर म्हणून नको होती, इंगकोऊचा फाटा, बीजिंगकडून येणारी लाईन मुक्देन (आताचं शेनयांग) शहराच्या तटापर्यंत आणायची की नाही, फुशुन आणि यानताईच्या कोळसा खाणी, आणि रेल्वेलगतच्या इतर खाणी. चीनने मार्च १९०९ मधे म्हटलं की सगळं हेगच्या लवादाकडे नेऊ, जपानला ते नको होतं. ब्रिटन फाकुमेनच्या बाबतीत चीनच्या मागे उभं राहिलं नाही, कारण जपानशी त्यांची युती. शेवटी ४ सप्टेंबर १९०९ ला बीजिंगमधे एकाच दिवशी दोन करार झाले, जपानचा वकील इजुइन हिकोकिची आणि चीनचा लियांग दुनयान. एकात जपानने मान्य केलं की तुमेन हीच चीन-कोरिया हद्द. दुसऱ्यात चीनने रेल्वे आणि खाणींबद्दल जपानचं बहुतेक सगळं मान्य केलं. फाकुमेनची रेल्वे जपानला विचारल्याशिवाय बांधायची नाही, फुशुनचा कोळसा जपानने काढायचा.

कोरिया तेव्हा कागदावर अजून देश होता. कोरियाचा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. पुढच्याच वर्षी ऑगस्टमधे तो देशही जपानने गिळला.

साइतोची कचेरी दोन महिन्यांत बंद करायची असं कलम होतं, केलीही, नोव्हेंबरमधे त्याच गावात जपानी कॉन्सुलेट उघडलं आणि पोलीस राहिलेच.

दुपारी मैत्रिणीच्या घरी. अंगणात चटईवर मिरच्या वाळत घातलेल्या, लाल भडक, आणि अंगण एवढंसं, दारापासून फाटकापर्यंत आठ-दहा पावलं. तिच्या आजी, त्यांना मीही "हालमनी"च म्हणत होते, वय अठ्ठ्याऐंशी, जमिनीखालून गरम केलेल्या खोलीत बसून सफरचंद-पेर सोलत होत्या, हे इथलं खास फळ, दिसायला सफरचंद आणि चवीला रसाळ पेर. त्या साल एकसंध काढत होत्या, तुटू न देता, आणि बोलत होत्या, मैत्रीण मला सांगत होती.

"माझे आजोबा होएर्योंगकडून आले, थंडीत, नदी गोठल्यावर. बैल होता तो बर्फावर चालेना, त्याच्या खुरांना गवत बांधलं."

मी विचारलं, करार झाला तेव्हा त्यांना कळलं का?

"कळलं कसं नाही, कर गोळा करणारा बदलला. आधी नदीपलीकडचा माणूसही येऊन मागायचा."

करारात तिसरं-चौथं कलम आहे की उत्तर काठावरच्या कोरियन लोकांनी तिथेच राहावं, जमिनी कसाव्यात, पण कायदा चीनचा. म्हणजे घरदार वाचलं हे खरं आहे आणि हालमनी तेही म्हणाल्या. पुढे १९२० च्या हिवाळ्यात जपानी फौजेने याच गावांत घरं जाळली, माणसं मारली, ते सांगताना त्यांनी सुरी खाली ठेवली. हे त्यांनी आईकडून ऐकलेलं. मग मला विचारलं, "तुझं गाव हद्दीच्या कुठल्या बाजूला?" मी सांगितलं की आमचीही हद्द आहे पण एकाच देशातली, राज्याची, भाषेची, आणि तीही आम्हाला विचारून आखली नाही. त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

निघताना पिशवीभर फळं दिली. मी म्हटलं शेवटच्या दिवशी हार्बिनला जाणारे, स्टेशन बघायला. "मी कधी गेले नाही," म्हणाल्या, "फोटो पाठव."

दिवस ३ : तुमेन शहर

नदी पहिल्यांदा जवळून बघितली. खरं सांगते, एवढीशी? वेदगंगा पावसाळ्यात याहून मोठी दिसते. गढूळ पाणी, काठाला गवत, पलीकडे नामयांग गाव, सायकलवरून जाणारा माणूस नुसत्या डोळ्यांनी दिसतो. फोटो काढू नका, पलीकडच्यांना हाका मारू नका अशा पाट्या आहेत आणि त्या पाळाव्यात, मी पाळल्या.

इथला रेल्वेपूल बघायचा होता. १९०९ च्या करारात सहावं कलम म्हणतं की चीनने जीलिन-छांगछुन रेल्वे यानजीच्या दक्षिण हद्दीपर्यंत वाढवायची आणि होएर्योंगला कोरियन रेल्वेशी जोडायची. होएर्योंग कोरियात, म्हणजे जपानच्या हातात, तिथून बंदर जवळ. जपानची फौज समुद्रातून उतरून थेट मंचुरियाच्या पोटात जाईल हे चीनलाही कळत होतं, म्हणून चीन चालढकल करत राहिला. जीलिनपर्यंत लाईन १९१२ ला, दुनहुआपर्यंत १९२८ ला, आणि तुमेनपर्यंत १९३३ ला, तेव्हा मंचुरियात जपानचं बाहुलं सरकार बसलेलं, विचारायचं कोणाला. चोवीस वर्षं एक कलम रेटत नेलं! पहिल्या दिवशी मी ज्या मार्गाने अडीच-पावणेतीन तासांत आले त्याची ही जन्मकथा. (आताची फास्ट लाईन वेगळी, जीलिन-हुनचुन २०१५ ला सुरू झाली, पण दिशा तीच.)

संध्याकाळी हुनचुन. बुक केलेल्या हॉटेलने परदेशी पासपोर्ट चालत नाही म्हणून दारातून परत पाठवलं, रात्री नऊला बॅग ओढत तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली. पाट्यांवर आता तिसरी भाषा, रशियन.

दिवस ४ : फांगछुआन

हुनचुनहून तासाभराच्या वर रस्ता, मधे पासपोर्ट तपासणी. रस्ता एका ठिकाणी इतका अरुंद होतो की डावीकडे रशियाचं तारेचं कुंपण आणि उजवीकडे नदी. शेवटी मनोरा, वर गेलं की तीन देश एका नजरेत. नदीवर रशिया आणि उत्तर कोरियाला जोडणारा रेल्वेपूल, त्याच्यापुढे धुरकट निळी रेघ, तो समुद्र. चीनची जमीन इथे संपते आणि समुद्र पंधराएक किलोमीटरवर, दिसतो पण पोचता येत नाही. १८६० च्या पेकिंगच्या तहात हा सगळा किनारा रशियाला गेला त्याचा परिणाम.

तिथे 'तू' अक्षराचा हद्दीचा दगड आहे. रशियन लोकांनी आधीचा खांब आत, चीनच्या बाजूला बसवला होता, म्हणून १८८६ ला वू दाचेंग नावाचा अधिकारी आला, वाटाघाटी केल्या, खांब नदीच्या मुखाकडे सरकवून घेतला आणि चिनी बोटींना नदीतून समुद्रात जायचा हक्क मिळवला. त्याच्याकडे रेल्वे नव्हती, जुने नकाशे आणि चिकाटी मात्र होती. मला या माणसाबद्दल फार आदर वाटला.

मनोऱ्यावरून रशियाकडे बघताना मैत्रिणीने हात दाखवला, त्या बाजूला क्रास्किनो. १९०९ च्या सुरुवातीला तिथल्या भागात आन जुंग-गुन या कोरियन क्रांतिकारकाने आणि त्याच्या अकरा साथीदारांनी डाव्या हाताच्या अनामिकेचं पेर कापून शपथ घेतली.

वारा असा की कान बधिर. खाली येऊन गरम टोफूचं सार प्यायलो, माशाचं नाही ना म्हणून तिने माझ्यासाठी तीनदा विचारून घेतलं.

दिवस ५

दिवसभर परतीचा प्रवास, हुनचुन ते छांगछुन, मैत्रीण यानजीला उतरली. झोप काढली.

दिवस ६ : हार्बिन

छांगछुन ते हार्बिन तासाभराचा प्रवास. ऑक्टोबर १९०९ मधे इतो हिरोबुमी याच बाजूने आला, छांगछुनला जपानी गाडीतून उतरून रशियन खास गाडीत बसला. करार होऊन सात आठवडे झाले होते. आता रेसिडेंट जनरल नव्हता तरी मोठा माणूस, आणि येत होता रशियाचा अर्थमंत्री कोकोव्त्सोवला भेटायला, मंचुरियाबद्दल बोलायला. मधल्या छाइजियागोऊ स्टेशनवर आनचा साथीदार ऊ दोक-सुन थांबला होता, पण तिथे जमलं नाही. २६ ऑक्टोबरला सकाळी हार्बिनच्या फलाटावर आनने इतोवर गोळ्या झाडल्या.

स्टेशनलाच लागून स्मारक आहे, पासपोर्ट दाखवून आत सोडतात, तिकीट नाही. दारावरचं घड्याळ साडेनऊवर थांबवलेलं. आत आनच्या पंजाचा ठसा, अनामिका आखूड. आनला मार्च १९१० मधे पोर्ट आर्थरच्या तुरुंगात फाशी दिलं.

एक गोष्ट मला फिरताना सतत टोचत होती. इतो हार्बिन स्टेशनवर मारला गेला. गांदोसाठी झगडलेला वू लुजेन १९११ च्या नोव्हेंबरमधे शिजियाझुआंग स्टेशनवर मारला गेला. सोंग जियाओरेनला मार्च १९१३ मधे शांघाय स्टेशनवर गोळी घातली. तिघंही रेल्वे स्टेशनवर. शिजियाझुआंग म्हणजे आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची समाधी आहे ते गाव, वू लुजेनचीही तिथेच. पुढच्या खेपेला तिथे जायचंच आहे.

स्मारकाच्या टोकाला मोठी काच आहे, तिच्यातून फलाट दिसतो आणि फलाटाच्या फरशीवर दोन खुणा केलेल्या आहेत, एक आन उभा होता ती आणि एक इतो पडला ती. मी गेले तेव्हा गाडी नुकतीच लागलेली, लोकांची गर्दी, बॅगांची चाकं त्या खुणांवरून खडखडत जात होती, एक छोटा मुलगा नेमका त्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. मी थांबले. गाडी सुटली, फलाट रिकामा झाला, मग फोटो काढून मैत्रिणीला पाठवला.

पाच मिनिटांनी तिचा मेसेज, "ऑन्नी, हालमनी विचारतीय दोघांमधे अंतर किती होतं?"

मी परत काचेपाशी गेले, नीट बघितलं आणि लिहिलं, "फार नाही. तुमच्या अंगणाएवढं."